डोडो कुणाला सापडला?

मॉरिशस म्हटलं की आपल्याला हनिमून पॅकेज आठवतं, नाहीतर डोडो. बेट जेमतेम दोन हजार चौरस किलोमीटरचं. १५९८ मध्ये डच उतरले तेव्हा तिथे माणसांची वस्ती नव्हती आणि वटवाघळं सोडली तर मूळचा सस्तन प्राणीही नव्हता. डोडोला कुणाला भ्यायची सवयच नव्हती. जहाजांतून आलेल्या डुकरांनी, माकडांनी, उंदरांनी जमिनीवरची अंडी फस्त केली, जंगलं तुटली आणि शंभरेक वर्षांत पक्षी संपला. पुढे तर असा पक्षी खरंच होता का, अशीच लोकांना शंका यायला लागली!

इथवरची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. मला या वीकांताला अडकवलं ते पुढच्या भागाने.

जॉर्ज क्लार्क नावाचे एक शाळामास्तर जवळजवळ तीस वर्षं डोडोची हाडं शोधत होते. १८६५ मध्ये त्यांना कळलं, की एका उसाच्या मळ्यातल्या 'मार ओ सोंज' या दलदलीत मजुरांना खणताना हाडं मिळाली आहेत. त्यांनी काही कुलींना दलदलीच्या मध्यावर उतरवलं. तीन फूट पाणी, खाली चिखल, दिसत काहीच नाही. त्या लोकांनी अनवाणी पायांनी चिखल चाचपला आणि डोडोचं हाड पायाला लागलं! पुढच्याच वर्षी लंडनमध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्या हाडांवर प्रबंध लिहिला. आज संग्रहालयांत दिसणारे बहुतेक डोडोचे सांगाडे त्याच चिखलातले आहेत.

आता, कुली म्हणजे कोण? १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी संपली, तेव्हा उसासाठी करारावर नेलेले आपलेच लोक. भोजपुरी, तमिळ, तेलुगू आणि मुंबई बंदरातून गेलेले मराठीसुद्धा. एकूण साडेचार लाखांच्या आसपास. सरकारने प्रत्येकाला नंबर दिला. वहीत नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण.

माझं आजोळ रत्नागिरीकडचं. भातलावणीच्या खाचरात आजी पायानेच दगड हुडकून बांधावर फेकायची. ते आठवलं आणि उगीच वाटलं, की त्यात एखादा आपल्याकडचा असेल का?

आमच्या धंद्यात बग एक जण शोधतो आणि मेलमध्ये नाव दुसऱ्याचंच येतं, पण निदान लॉगमध्ये खऱ्याची नोंद राहते. त्या वह्याही आज मॉरिशसच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवल्या आहेत. म्हणजे डोडो शोधणाऱ्यांची नावं तिथे असणारच. फक्त कुठली ओळ त्यांची, हे सांगणारं कुणी उरलं नाही.