वाट किती अवघड? कान्हेरीच्या भुयारापासून हरिहरच्या पायऱ्यांपर्यंत

१/१३
सोळाव्या शतकाच्या मध्यास, आजच्या बोरिवलीच्या डोंगरात, वीसेक सशस्त्र माणसे एका भुयारात शिरली. सोबत पाणी, तांदूळ, बिस्किटे, फळे, मशालींसाठी तेल आणि तीन माणसांच्या पाठीवर नुसते दोर. वाट किती अवघड आहे हे दुसऱ्याला कसे सांगावे, या जुन्या प्रश्नाचा हा इतिहास. (थ्रेड)

२/१३
या मंडळींचा म्होरक्या होता आंतोनिओ दो पोर्तो हा फ्रान्सिस्कन पाद्री. कान्हेरीच्या डोंगरामागे एक चक्रव्यूहासारखे भुयार आहे, ते थेट खंबायतेपर्यंत जाते, असे त्याने स्थानिकांकडून ऐकले होते. तोंडाशी मोठी शिळा ठेवून तिला दोराचे टोक बांधले आणि सर्वजण आत गेले. सात दिवस चालूनही शेवट लागला नाही. शिधा संपत आला, तेव्हा ते दोराच्या आधाराने परतले.

३/१३
ही हकिकत पोर्तुगीज बखरकार दिओगो दो कौतो याने नोंदवली. सात दिवस चालावे एवढे भुयार कान्हेरीत सापडलेले नाही. त्यामुळे कथेत अतिशयोक्ती उघड आहे. तरीही तिची मांडणी लक्षणीय आहे. कौतो वाटेला ‘अवघड’ म्हणून थांबत नाही. किती माणसे, कोणते सामान, किती दिवस आणि परतण्याचे कारण काय, या चार गोष्टी तो सांगतो. वाचणाऱ्याला आपली तयारी त्यांच्याशी ताडून पाहता येते.

४/१३
दीडशेहून अधिक वर्षांनी मराठी राज्यात हाच प्रश्न उलट बाजूने विचारला गेला. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या ‘आज्ञापत्रा’त (इ. स. १७१५ च्या सुमारास) गडाच्या वाटांचा स्वतंत्र विचार आहे. गडाची वाट सुगम असू नये. असल्यास ती मोडून तीवर झाडी वाढवावी आणि शत्रूच्या फौजेला कठीण जाईल अशी दुसरी वाट घालावी. त्याच वेळी गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष मानला असून, चोरदिंड्या ठेवण्यास सांगितले आहे.

५/१३
म्हणजे एकच गड दोन माणसांसाठी दोन प्रकारे अवघड. चोरदिंडी ठाऊक असलेल्या गडकऱ्याला सोपा, परक्या फौजेला दुर्गम. ‘दुर्ग’ या शब्दाचा मूळ अर्थच मुळी ‘जेथे जाणे कठीण’ असा आहे. येथे अवघडपणा हा निसर्गदत्त गुण उरत नाही. तो जाणीवपूर्वक घडवला, राखला आणि लपवला जातो.

६/१३
१८१८ मध्ये त्र्यंबकगड पडला आणि त्यापाठोपाठ १७ गड इंग्रजांच्या हवाली झाले. त्यांत हरिहर होता. तो पाहणाऱ्या कॅप्टन ब्रिग्जचे वर्णन पुढे १८८३ च्या नाशिक गॅझेटिअरमध्ये आले. हरिहरची चढण शब्दांत सांगता येण्याजोगी नाही, असे म्हणून अखेर त्याने उपमेचा आश्रय घेतला : सुमारे २०० फूट उंच भिंतीला टेकवलेली शिडी. नाशिक भागातील अनेक गडांच्या वाटा इंग्रजांनी उद्ध्वस्त केल्या. हरिहरच्या पायऱ्या मात्र शाबूत राहिल्या.

७/१३
गडांची लष्करी गरज संपली, तसे वाट अवघड राखण्याचे कारणही संपले. इंग्लंडात मात्र थोड्याच वर्षांत अवघड वाटेला करमणुकीचे मोल आले. १८५४ मध्ये जेम्स पेरट या वाटाड्याने डार्टमूरच्या दलदलीतील क्रॅनमिअर पूल या आडजागी एक बाटली ठेवली. तेथवर पोहोचणाऱ्याने आपले कार्ड तीत टाकायचे. लेटरबॉक्सिंगचा उगम हाच. पुढे बाटलीच्या जागी पेटी, वही आणि शिक्का आला, आणि सूचनांवरून पेटी शोधण्याचा खेळ रूढ झाला.

८/१३
खेळ म्हटला की अनोळखी माणसाला आधी अंदाज द्यावा लागतो. १८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने साधा हिशेब मांडला : दर ३ मैलांना १ तास, शिवाय दर २००० फूट चढाईस आणखी १ तास. २००० साली जीपीएसच्या आधारे जिओकॅशिंग सुरू झाले, तेव्हा तेथे दोन वेगळे आकडे आले : शोधणे किती कठीण आणि चालणे किती कठीण, प्रत्येकी १ ते ५. पेटी वाटेलगतच असूनही सापडत नाही, किंवा समोर दिसूनही हाती येत नाही, हा फरक त्यामुळे नोंदवता आला.

९/१३
महाराष्ट्रात हे काम गिरिभ्रमण संस्थांनी केले. मुंबईची गिरिविहार (१९५४), मुलुंडची चक्रम हायकर्स, डोंबिवलीची ट्रेकक्षितिज या संस्थांमुळे उपनगरांतील नोकरदार आणि विद्यार्थी रविवारच्या पहिल्या लोकलने सह्याद्रीत जाऊ लागले. ट्रेकक्षितिजच्या किल्ल्यांच्या माहितीत उंची, प्रकार, डोंगररांग, जिल्हा यांच्या जोडीला ‘श्रेणी’ असते : सोपी, मध्यम, कठीण. गडाची वाट शत्रूपासून लपवणारी परंपरा आता ती सर्वांना उघड करून सांगू लागली.

१०/१३
श्रेणीहून जुनी आणि अधिक नेमकी अशी एक शब्दसंपत्ती मराठीत आहे. ‘मळलेली वाट’ म्हणजे रोजच्या वहिवाटीची. ‘ढोरवाट’ गुरांची, ती ठळक दिसते, पण कुरणात नेऊन सोडते. ‘नाळ’ म्हणजे कड्यातून उतरणारी दगडधोंड्यांची घळ. ‘घसारा’ म्हणजे पायाखालून निसटणारी माती-मुरूम. आणि ‘दृष्टिभय’ : पाय ठेवायला जागा असूनही खालची दरी पाहून येणारी भीती. श्रेणी अवघडपणाचे प्रमाण सांगते; हे शब्द त्याचा प्रकार सांगतात.

११/१३
हरिहरला नेस्मिथचा हिशेब लावला, तर तो काही तासांचा छोटा गड ठरतो. अंतर थोडे, चढाई बेताची. ब्रिग्जला शब्द अपुरे पडले ते दृष्टिभयामुळे, आणि ते या गणितात कोठेच येत नाही. शिवाय ब्रिग्जच्या काळी नसलेली एक अडचण आज आहे. पावसाळी रविवारी त्याच अरुंद पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात. ओल्या कातळावर, खोबणीत बोटे रुतवून, कोणी कोणाला वाट द्यायची? पायऱ्या त्याच असल्या तरी अशा दिवशी जुनी श्रेणी खरी उरत नाही.

१२/१३
बोरिवलीतही तेच. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील शिलोंडा ही मार्गदर्शकासोबत चालायची रानवाट चढाईच्या दृष्टीने सोपी. पण हे बिबट्याचे रान आहे आणि पावसात येथील ओढे बघता बघता भरतात. अंधेरी-घाटकोपरहून प्रथमच रानात येणारा ‘सोपी’ हा शब्द वाचतो, तेव्हा त्यामागचे ऋतू, वेळ आणि सोबत हे गृहीतक त्याला दिसत नाही. लिहिणारा बहुधा अनुभवी असतो, वाचणारा नवखा. आणि अनेकदा अपघाताची सुरुवात या अंतरातून होते.

१३/१३
अमात्यांना वाट परक्यासाठी अवघड हवी होती, पेरटला खेळापुरती. आजच्या वर्णनाला मात्र परक्यालाच सुखरूप घरी पोहोचवायचे आहे. त्यासाठी कौतोच्या चार गोष्टी अजूनही उपयोगी आहेत : माणसे, सामान, वेळ आणि परतण्याचे कारण. पहिल्या तीन आजच्या माहितीत सहसा सापडतात. चौथी क्वचितच. कोणत्या टप्प्यावरून, कोणत्या परिस्थितीत मागे फिरावे, हे फार थोडे जण लिहितात. कान्हेरीच्या त्या मंडळींना शेवट सापडला नाही. पण तोंडाशी दोर बांधलेला होता आणि शिधा किती उरला यावर त्यांचे लक्ष होते, म्हणून ती हकिकत सांगायला माणसे परत आली.