दहा रुपयांचा दंड

शाहूपुरींतील कोल्हापूरच्या रेल्वे-स्टेशनावर दर वर्षीं जून-जुलैच्या सुमारास एक ठराविक देखावा दिसतो. परगांवाहून कॉलेजांत नांव घालावयास आलेला मुलगा सामानसुमानासह उतरतो. बरोबर वडील असतात, नाहींतर मामा. वसतिगृहांतील खोली, खाणावळ, फी ह्यांची व्यवस्था लावून झाली कीं वडीलमंडळी संध्याकाळीं परततात, आणि निघतांना वसतिगृहाच्या रेक्टरांना म्हणतात, "आतां मुलगा आपल्या पदरांत घातला." ह्या साध्या वाक्यानें केवढा अधिकार एका हातांतून दुसऱ्या हातांत जातो ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. मुलानें आगळीक केली तर त्याला शिक्षा करावयाची ती कोणी, कोणत्या आगळिकीबद्दल, आणि किती? हा प्रश्न महाराष्ट्रांत एकदां फार तीव्रतेनें विचारला गेला. त्याला निमित्त झालें तें दहा रुपयांच्या एका दंडाचें.

कोल्हापूरकरांना हा विषय परका वाटूं नये. शाहूमहाराजांनीं १९०१ सालीं मराठा विद्यार्थ्यांसाठीं बोर्डिंग उघडलें आणि त्यामागून निरनिराळ्या समाजांचीं वसतिगृहें ह्या नगरींत उभीं राहिलीं. येथील राजाराम कॉलेज १८८० सालचें. तें प्रथम मुंबई युनिव्हर्सिटीस जोडलेलें होतें. १९४९ मध्यें पुणें विद्यापीठ स्थापन झाल्यावर तें तिकडे गेलें, आणि १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ हें कोल्हापूरचें स्वतःचें विद्यापीठ झालें. म्हणजे सुमारें सात तपांच्या ह्या वाटचालींतील पहिलीं साडेपांच-सहा तपें येथील विद्यार्थी ज्या मुंबई युनिव्हर्सिटीच्या शिस्तीखालीं वाढले, तिचीच ही हकीकत आहे.

प्रथम शिक्षांचे प्रकार पाहूं. दंड, शिष्यवृत्ति थांबविणें, वसतिगृहांतून काढणें, टर्म नामंजूर करणें, ठराविक मुदतीपुरतें 'रस्टिकेट' करणें, आणि अखेरचा उपाय म्हणजे कॉलेजांतून कायमचें नांव कमी करणें, अशी ही चढती पायरी आहे. रस्टिकेट हा शब्द आपल्याकडे फार भयंकर समजला जातो, पण त्याचा मूळ अर्थ अगदीं निरुपद्रवी आहे. लॅटिनमध्यें 'रूस' म्हणजे खेडें, आणि रस्टिकेट करणें म्हणजे खेड्यावर पाठविणें. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्यें उनाड विद्यार्थ्याला कांहीं काळ घरीं पाठवीत, आणि डोकें शांत झालें कीं तो परत येई. शिक्षेनंतर परत येण्याची वाट मोकळी असणें हें त्या शब्दांतच गृहीत धरलेलें होतें.

मुंबई युनिव्हर्सिटी १८५७ सालीं स्थापन झाली, आणि तिच्या अगदीं पहिल्या पिढींतील सर्वांत नामांकित विद्यार्थ्यालाच शिक्षा झाली, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकत असतांना महादेव गोविंद रानडे ह्यांनीं एका निबंधांत मराठी राज्याची व इंग्रजी अंमलाची तुलना करून इंग्रजी अंमलाला उणें लेखलें. प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट हे रानड्यांच्या बुद्धीचे चाहते होते, तथापि त्यांना हें रुचलें नाहीं, आणि त्यांनीं रानड्यांची शिष्यवृत्ति सहा महिने बंद ठेवली. शिक्षा न्याय्य होती असें आज कोणी म्हणणार नाहीं. निबंधाला उत्तर निबंधानें द्यावें, शिष्यवृत्तीवर हात घालूं नये. परंतु ह्या शिक्षेला मुदत होती. सहा महिने संपले कीं ती संपली. रानडे १८६२ मध्यें बी. ए. झाले, पुढें हायकोर्टाचे न्यायमूर्ति झाले, आणि गुरुशिष्यांमधील आदर त्या प्रकरणानें नाहींसा झाला नाहीं.

ह्यानंतर चाळीसएक वर्षांनीं पुण्यांत जें घडलें त्याचा रंग निराळा होता. १९०५ सालीं लॉर्ड कर्झननें बंगालची फाळणी जाहीर केली आणि स्वदेशी-बहिष्काराची चळवळ देशभर पेटली. फर्ग्युसन कॉलेजांत त्या वेळीं विनायक दामोदर सावरकर हे बी. ए.च्या वर्गांत होते व कॉलेजच्या वसतिगृहांतच राहत होते. ऑक्टोबर महिन्यांत, दसऱ्याच्या सुमारास, त्यांच्या पुढाकारानें विद्यार्थ्यांनीं शहरांतून परदेशी कपडे गोळा केले, मिरवणुकीनें नदीपलीकडे नेले आणि त्यांची होळी केली. लोकमान्य टिळक व 'काळ'कर्ते शिवरामपंत परांजपे हे त्या प्रसंगीं जातीनें हजर होते. होळी कॉलेजच्या आवाराबाहेर झाली. कोणास इजा झाली नाहीं, कोणाचा माल बळानें घेतला गेला नाहीं. जे कपडे जळले ते देणाऱ्यांनीं आपण होऊन दिले होते.

कॉलेजनें सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहांतून काढून टाकलें. आज दहा रुपयांत चहाचा एक पेला मिळतो, पण १९०५ सालीं मध्यम स्थितींतील विद्यार्थ्याला ही रक्कम खचित जाणवणारी होती. त्याहून वसतिगृहांतून जाणें अधिक जाचक, कारण बी. ए.ची परीक्षा तोंडावर आली होती.

शिक्षा देणारे प्रिन्सिपॉल म्हणजे रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. ह्या गृहस्थांना खलपुरुष ठरविणें सोपें आहे आणि पुष्कळांनीं तें केलेंही आहे, परंतु तें योग्य नव्हे. १८९९ सालीं केंब्रिजमध्यें सीनियर रँग्लर होऊन आलेल्या ह्या विद्वानाला सरकारी खात्यांत मोठ्या पगाराची जागा सहज मिळाली असती. ती सोडून ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले आणि अल्प वेतनावर फर्ग्युसनमध्यें शिकवूं लागले. १९०२ सालीं ते प्रिन्सिपॉल झाले, आणि त्याच वर्षीं सावरकर कॉलेजांत दाखल झाले. शिक्षा देणाऱ्याचें वय एकोणतीस आणि शिक्षा घेणाऱ्याचें बावीस, हेंही विसरतां कामा नये.

परांजप्यांच्या अडचणी खऱ्या होत्या. कॉलेजला सरकारी ग्रँट होती. कर्झनच्याच १९०४ च्या युनिव्हर्सिटी कायद्यानें कॉलेजांची तपासणी व संलग्नता ह्यांवरील सरकारची पकड घट्ट केली होती. त्याच ऑक्टोबर महिन्यांत बंगाल सरकारतर्फे कार्लाइल ह्यांचें परिपत्रक निघालें. विद्यार्थ्यांना राजकीय चळवळींत भाग घेऊं देणाऱ्या शाळा-कॉलेजांची मदत व सवलती काढून घेण्याची धमकी त्यांत होती. पुढें १९०७ सालीं रिस्ले ह्यांच्या परिपत्रकानें तेंच धोरण सर्व हिंदुस्थानास लागू केलें. पुण्याच्या ज्या कॉलेजानें खाजगी प्रयत्नानें उच्च शिक्षण सुरू करून दाखविलें तें एका होळीपायीं बंद पडूं नये, अशी चिंता त्याच्या चालकांना वाटली असेल तर नवल नाहीं. शिवाय परांजपे हे गोखल्यांच्या नेमस्त पक्षाचे होते. विद्यार्थ्यानें आधीं शिकावें, राजकारण मागाहून करावें, हें त्यांचें प्रामाणिक मत होतें.

उलट बाजूनें टिळक उभे राहिले. त्यांच्या बोलण्याला आणखी एक धार होती. १८८५ सालीं हें कॉलेज स्थापन करणाऱ्यांपैकीं ते स्वतः एक होते आणि १८९० सालीं मतभेदामुळें त्यांना संस्था सोडावी लागली होती. 'केसरी'ंत त्यांनीं ज्या लेखांतून शिक्षकांच्या ह्या वर्तनाचा समाचार घेतला, त्याचा मथळाच 'हे आमचे गुरूच नव्हेत' असा होता. दहा रुपये थोडे कीं फार हा टिळकांचा मुद्दा नव्हता. ज्या कृत्याला देशांतील वडीलधारी माणसें पुण्यकृत्य समजतात, त्या कृत्याबद्दल परक्या सत्तेच्या भयानें जो शिक्षा करतो, त्याला गुरु ह्या नात्यानें शिक्षा करण्याचा अधिकारच उरत नाहीं, असा तो मथळा सांगत होता.

दोन्ही पक्ष ऐकल्यावर निवाडा काय द्यावा? वसतिगृहाला नियम हवेत आणि ते मोडणाऱ्याला शासन हवें, ह्याविषयीं दुमत नाहीं. पण कॉलेजच्या आवाराबाहेर, कोणाला उपद्रव न देतां, स्वतःच्या मतासाठीं केलेल्या कृत्यावर कॉलेजचा हात पोंचतो काय, ह्याचें उत्तर त्या शिक्षेंत सांपडत नाहीं. तेव्हां ती चुकलीच म्हणावी लागते. परंतु चुकलेल्या शिक्षेलाही मर्यादा असूं शकते, आणि ती येथें होती. परांजप्यांनीं सावरकरांचें नांव पटावरून काढलें नाहीं, परीक्षेची वाट अडविली नाहीं. सावरकर बी. ए. झाले आणि १९०६ च्या जून महिन्यांत बॅरिस्टरीसाठीं विलायतेस गेले.

खरी मर्यादा ओलांडली गेली ती पुढें. लंडनमध्यें कायद्याच्या परीक्षा देऊनही ग्रेज इन्‌च्या चालकांनीं १९०९ सालीं सावरकरांना बॅरिस्टरीची सनद नाकारली. १९१० सालीं त्यांना अटक होऊन हिंदुस्थानांत आणलें गेलें, त्यांच्यावर खटले चालले आणि जन्मठेपेच्या शिक्षा झाल्या. त्यानंतर १९११ सालीं मुंबई युनिव्हर्सिटीनें त्यांची बी. ए.ची पदवी काढून घेतली. येथें थांबून विचार करावा. कोर्टानें गुन्ह्याची शिक्षा दिलीच होती. पदवी हें कांहीं चांगल्या वर्तनाबद्दलचें बक्षीस नव्हे. अमुक विषयांत अमुक परीक्षा एक मनुष्य उत्तीर्ण झाला, एवढीच ती साक्ष असते. ती परीक्षा सावरकर उत्तीर्ण झाले होते, आणि त्यांत कोणती लबाडी झाल्याचा आरोप नव्हता. मग साक्ष परत कशी घ्यावयाची? घडलेली गोष्ट घडलीच नाहीं असें विद्यापीठानें म्हणणें, हें ज्या सत्याच्या शोधासाठीं विद्यापीठ असतें त्याच्याच विरुद्ध आहे. सावरकरांच्या पुढील राजकारणाविषयीं कोणाचें मत कांहींही असो, ह्या मुद्द्यावर त्याचा परिणाम होण्याचें कारण नाहीं.

शिक्षा करणारी एक संस्था आणि दार उघडणारी दुसरी, असा प्रकार इतरत्रही घडला. १९१६ सालीं कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत ओटन नांवाच्या इंग्रज प्रोफेसरास विद्यार्थ्यांनीं मारहाण केली. त्या प्रकरणांत सुभाषचंद्र बोस ह्यांना कॉलेजांतून काढलें गेलें. शिक्षकावर हात टाकणें ही आगळीक खरीच होती, आणि तिचें समर्थन करण्याचें कारण नाहीं. पण दीड वर्षाच्या आंत, १९१७ मध्यें, त्यांना स्कॉटिश चर्चच्या कॉलेजांत प्रवेश मिळाला आणि १९१९ सालीं ते बी. ए. झाले. शिक्षा झाली, आणि शिक्षणही झालें.

ह्याहून मराठी मुलुखाला जवळचें उदाहरण हैदराबादचें. १९३८ च्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यास बंदी झाली. ती न मानणाऱ्या शेंकडों विद्यार्थ्यांना काढून टाकण्यांत आलें. औरंगाबादपर्यंत त्या चळवळीचें लोण गेलें आणि मराठवाड्यांतील पुष्कळ मुलांचें शिक्षण अर्ध्यावर तुटण्याची वेळ आली. त्या वेळीं नागपूर विद्यापीठानें, कुलगुरु केदार ह्यांच्या कारकीर्दींत, ह्या विद्यार्थ्यांना आपल्याकडे घेतलें. काढल्या गेलेल्यांपैकीं एक पी. व्ही. नरसिंह राव. ते १९९१ मध्यें देशाचे पंतप्रधान झाले. हैदराबादनें लावलेलें दार नागपूरनें उघडलें नसतें तर किती घरांतील दिवे मालवले असते, ह्याचा हिशेब कोणी मांडूं शकणार नाहीं.

स्वातंत्र्यानंतर परक्या सत्तेचें भय गेलें, पण शिक्षेचा प्रश्न गेला नाहीं. तो आतां परीक्षेंतील नक्कल, वसतिगृहांतील रॅगिंग, मारामारी अशा रूपांनीं पुढें येतो. ह्यांतील कित्येक आगळिकी कपड्यांच्या होळीपेक्षां निःसंशय अधिक घातक आहेत, आणि त्यांना कडक शासन हवेंच. मात्र एक मोठा फरक झाला आहे. उत्तर प्रदेशांतील कांहीं विद्यार्थ्यांचा परीक्षेचा निकाल त्यांचें म्हणणें न ऐकतां रद्द करण्यांत आला होता. त्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालीं असें ठरविलें कीं, ज्या निर्णयानें विद्यार्थ्याच्या आयुष्यावर दूरगामी परिणाम होतो तो देण्यापूर्वीं त्याला आपली बाजू मांडण्याची संधि मिळालीच पाहिजे. बावीस वर्षांच्या सावरकरांना अशी संधि देण्याचें बंधन १९०५ सालीं कोणावरही नव्हतें. आजच्या साध्या विद्यार्थ्याला ती हक्कानें मिळते.

काळ हा मोठा परीक्षक आहे. कवि शेली ह्याला एका पत्रकाबद्दल ऑक्सफर्डनें १८११ सालीं काढून लावलें, आणि त्याच कॉलेजांत १८९३ सालीं त्याचें संगमरवरी स्मारक उभें राहिलें. सावरकरांना नागपूर विद्यापीठानें १९४३ सालीं आणि पुणें विद्यापीठानें १९५९ सालीं डी. लिट्. ही सन्मान्य पदवी दिली. मुंबई युनिव्हर्सिटीनें त्यांची बी. ए.ची पदवी १९६० सालीं, एकोणपन्नास वर्षांनीं, परत केली. तेव्हां त्यांचें वय सत्त्याहत्तर होतें. आणि फर्ग्युसनच्या वसतिगृहांतील ज्या खोलींतून त्यांना बाहेर जावें लागलें, ती खोली आज त्यांची स्मृति म्हणून जतन केलेली आहे.

दहा रुपयांचा दंड भरून झाला, विसरला गेला. हिरावलेली पदवी परत देण्यास मात्र अर्धें शतक लागलें. शिक्षा करणाऱ्यानें हा भेद मनांत बाळगावा. मुलाला पदरांत घालून गाडीनें परतणाऱ्या बापाची अपेक्षा तरी ह्याहून निराळी काय असते? चुकला तर त्याला जरूर शासन करा, पण आधीं त्याचें ऐकून घ्या, आणि शिक्षा भोगून झाल्यावर तो परत येईल तेव्हां दार लावलेलें नसावें.