शब्दवेध : सांबारवडी

तुर्कस्तानातील ‘बोरेक’ या सारण भरून गुंडाळलेल्या पदार्थाचे नाव पिळणे, वळणे या अर्थाच्या तुर्की धातूशी काही व्युत्पत्तिकार जोडतात. विदर्भातील ‘सांबारवडी’ मात्र वळणावरून नव्हे, तर पोटातील सारणावरून ओळखली जाते. बेसनाच्या पातळ पोळीला चिंचेचे मसालेदार वाटण लावून, तीत कोथिंबीर, खसखस व सुके खोबरे यांचे सारण भरून, घट्ट गुंडाळून तळलेली ही वडी कढीबरोबर खातात. येथील ‘सांबार’ म्हणजे दाक्षिणात्य आमटी नव्हे, तर वऱ्हाडी-नागपुरी बोलीतील कोथिंबीर होय. सामग्री, साठा या अर्थाच्या संस्कृत ‘संभार’शी तो शब्द जोडणे सयुक्तिक वाटते, कारण स्वयंपाकाचा मसाला या अर्थापासून त्यातील एकाच पाल्यापर्यंत अर्थसंकोच होणे स्वाभाविक आहे. ‘पुडाची वडी’ या तिच्या दुसऱ्या नावात घडी, वेष्टन या अर्थाचा ‘पुट’ दिसतो, आणि तेथे ती बोरेकच्या अधिक जवळ येते. पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील, २०१६ पासून स्वतंत्र जिल्हा झालेल्या मंचेरियलात, प्राणहितेपलीकडे गडचिरोली लागत असताही, याच पाल्याला तेलुगूत ‘कोत्तिमीर’ म्हणतात. संस्कृत ‘कुस्तुम्बरी’शी नाते सांगणारा हा शब्द प्रमाण मराठीतील ‘कोथिंबिरी’चा सख्खा भाऊ शोभतो, नदीपलीकडच्या ‘सांबारा’चा नव्हे.