श्रीपत शेषाद्रीचा खटला

१८३९ साली मुंबईत जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेतल्या दोन पारशी मुलांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पारशी समाज हादरला, पालकांनी आपली मुलं शाळेतून काढली. विल्सन हे मिशनरी, झरथुष्ट्री ग्रंथांचे जाणकार; पण त्या ग्रंथांवर ते वाद घालायला बसत, म्हणून दस्तुरांचा, म्हणजे पारशी धर्मगुरूंचा, त्यांच्यावर विश्वास नव्हता.

चार वर्षांनी हिंदू समाजातही तसंच घडलं. १८४३ साली नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण बाटला, म्हणजे ख्रिस्ती झाला. धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहिला होता. न्यायालयानं या अल्पवयीन मुलाला वडिलांच्या ताब्यात दिलं.

मग प्रश्न उरला, त्याला जातीत घ्यायचं का? सनातनी शास्त्री नाही म्हणाले. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत शिकवणारे बाळशास्त्री जांभेकर स्वतः शास्त्र जाणणारे. प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्यावं, असा आग्रह त्यांनी धरला. तो माणुसकीचाच होता. त्याबद्दल त्यांना सनातन्यांचा रोष सोसावा लागला.