घुटमळण्याचा इतिहास

गेल्या पावसाळ्यात आगरदांड्याच्या घरून काम करताना एका रात्रीत मी दीडशेहून जास्त काळे स्क्रीनशॉट काढले. पतपेढ्यांसाठी असलेल्या एका सॉफ्टवेअरचं मराठी माहितीपुस्तक नव्या आवृत्तीसाठी तयार करायचं होतं. या सॉफ्टवेअरच्या टूलबारवर नुसती चिन्हं आहेत. चिन्हावर माऊस नेऊन क्षणभर थांबलं की छोट्या चौकटीत नाव उमटतं: ‘ठेव नूतनीकरण’, ‘व्याज जमा’. ती चौकट दिसत असतानाच चित्र घ्यायचं होतं, आणि बटणं होती २१४. मी रिमोट डेस्कटॉपने ऑफिसातल्या संगणकाला जोडून घेतलं, स्क्रिप्ट चालू केली आणि झोपले. रात्री वीज गेली, राउटर बंद पडला. सकाळी पाहते तर पहिली पन्नासेक चित्रं व्यवस्थित, पुढची सगळी काळीकुट्ट.

ती काळी का झाली हे शोधताना मी बरीच मागे गेले.

डग्लस एंगलबार्टच्या प्रयोगशाळेत १९६४ साली माऊसचा पहिला लाकडी नमुना तयार झाला. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्याने तो जाहीरपणे चालवून दाखवला. दाखवायचं आणि दाबायचं, एवढंच त्या यंत्राचं काम. माऊस हलला की संगणकाला कळतं, बटण दाबलं की कळतं. पण माऊस नुसता थांबला तर काहीच येत नाही. इंग्रजीत ज्याला ‘हॉवर’ म्हणतात, ते घुटमळणं संगणकाला कळत नाही, ओळखावं लागतं. शेवटची हालचाल होऊन किती वेळ गेला, हे घड्याळ लावून मोजावं लागतं.

किती वेळ थांबलं म्हणजे घुटमळणं? ॲपलने १९९१ साली ‘सिस्टिम ७’मध्ये ‘बलून हेल्प’ आणली. ती चालू केली की माऊस जाईल तिथे लगेच माहितीचे फुगे उमटत. काम येणाऱ्या माणसाला त्यांचा जाच व्हायचा. मायक्रोसॉफ्टच्या टूलटिपने थोडी वाट पाहायची पद्धत रुळवली, आणि ‘विंडोज ९५’पासून टूलटिप कुठल्याही प्रोग्रामला आयती वापरता येऊ लागली. पुढे विंडोजमध्ये घुटमळण्याचं मापच ठरलं: ४ बाय ४ पिक्सेलच्या चौकोनात ४०० मिलिसेकंद. हे आकडे बदलता येतात, पण मुळात ते असेच असतात.

आता हे खोटं कसं करायचं? ‘विंडोज ३.०’मध्ये (१९९०) ‘रेकॉर्डर’ नावाचा प्रोग्राम असायचा. तो माऊस आणि कीबोर्डच्या हालचाली टिपून ठेवायचा आणि पुन्हा जशाच्या तशा करून दाखवायचा. ‘विंडोज ९५’मध्ये तो नव्हता. मग प्रोग्रामर थेट खिडकीलाच ‘माऊस तुझ्यावर आहे’ असा निरोप पाठवू लागले. पण टूलटिपच्या बाबतीत ही थाप पचत नाही. विंडोज खरा बाण कुठे आहे ते तपासते, तो दुसरीकडे असेल तर ‘माऊस गेला’ असा उलट निरोप धाडते. म्हणजे बाण खरोखरच न्यावा लागतो. तोही डेस्कटॉपला एकच असल्यामुळे स्क्रिप्ट चालू असताना कुणी माऊसला हात लावायचा नाही. शिवाय टूलटिप ही वेगळी खिडकी असते. फक्त मुख्य खिडकीचं चित्र घेतलं तर त्यात ती येत नाही, पडद्याचाच तेवढा भाग टिपावा लागतो.

पुढे दारं बंद होत गेली. ‘व्हिस्टा’पासून (२००७) साध्या प्रोग्रामला जास्त अधिकारांच्या प्रोग्रामवर खोटे क्लिक करता येईनात. ‘मॅकओएस मोहावी’मध्ये (२०१८) दुसऱ्या प्रोग्रामवर असा ताबा चालवायला वापरणाऱ्याची परवानगी लागते. लिनक्सवरच्या ‘वेलँड’मध्ये साध्या प्रोग्रामला बाण मनाला येईल तिथे नेताच येत नाही. कारण उघड आहे: जो प्रोग्राम बाण हलवू शकतो तो तुमच्या वतीने ‘होय’ही दाबू शकतो. माझ्या काळ्या चित्रांचं उत्तरही याच खऱ्या बाणाजवळ सापडलं. वीज गेल्यावर माझं सत्र तुटलं. स्क्रिप्ट चालूच होती, पण तिच्यासमोर पडदा उरला नव्हता. बाण न्यायचा कुठे आणि टिपायचं काय?

चित्रं पुन्हा काढली, या वेळी जागं राहून. छापलेली पानं आत्याला दाखवली. तिची सगळी नोकरी पतपेढीत गेली. तिने चष्मा पुसला आणि म्हणाली, “अगं, हे बरं केलंस. मी दर वेळी थांबून नाव वाचते नि मगच दाबते. चुकून कुणाची ठेव मोडली म्हणजे?”

“अजूनही? वीस वर्षं झाली की तुला.”

“पैसे लोकांचे असतात बाय.”

मला वाटलं होतं, टूलटिप नवख्यांसाठी असते. आमच्या आकडेवारीत कुठलं बटण किती वेळा दाबलं हे असतं. दाबण्याआधी कोण किती घुटमळलं हे नसतं. आणि याच सॉफ्टवेअरची मोबाइल आवृत्ती आम्ही करत होतो, त्याच चिन्हांची. २००७च्या आयफोनपासून पडद्यावर बाणच उरला नाही. बोट एक तर टेकलेलं असतं, नाहीतर नसतं. बटण दाबून धरलं की नाव दिसेल अशी सोय करता येते, पण ज्याला बटणाचीच धास्ती आहे तो ते दाबून का धरेल?

पुढच्या बैठकीत मी म्हटलं, मोबाइलवर प्रत्येक चिन्हाखाली नाव लिहू या. जागा जाते, दिसायला गर्दी वाटते, असं उत्तर आलं. मी आत्याचं वाक्य सांगितलं. शेवटी पैशांची उलाढाल होते त्या १९ बटणांखाली नावं आली. बाकीची अजून नुसती चिन्हंच आहेत. त्यांची यादी माझ्याकडे आहे.