छळाचे नियम

काही वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच मित्र रविवारी सकाळी एकाच्या घरी जमून इंग्रजी दैनिकातले क्रिप्टिक शब्दकोडे सोडवीत असू. 'सोडवीत असू' हे म्हणणे तसे धाडसाचेच. जेवणाची पाने मांडली जाईपर्यंत निम्मी घरे भरली तरी आम्ही स्वतःवर खूश होत असू. अशाच एका रविवारी यजमान मित्राचे वडील वर्तमानपत्राची दुसरी पुरवणी शोधत आत आले, क्षणभर आमच्याकडे पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, पाच जणांनी मिळून एक कोडे सोडवायचे म्हणजे परीक्षेत कॉपी केल्यासारखेच नाही का?" आम्ही हसलो; पण उत्तर कोणापाशीच नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला फार उशिरा दिलेले उत्तर आहे.

ज्यांचा या प्रकाराशी परिचय नाही, त्यांच्यासाठी थोडे विषयांतर करणे भाग आहे. आपल्या दैनिकांतील शब्दकोडी बहुतांशी अर्थावर चालतात. 'सरिता' असे दिले की 'नदी' लिहायचे आणि पुढे जायचे. क्रिप्टिक कोड्यात प्रत्येक क्लूची दोन अंगे असतात. एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ, दुसऱ्या टोकाला त्याच उत्तराकडे नेणारी अक्षरांची कारागिरी, आणि दोन्ही एका वाक्यात अशी बेमालूम सांधलेली की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भलतेच चित्र यावे. आमच्या बैठकीत एकाने गमतीने मराठीत रचलेला एक क्लू येथे देतो : 'पाण्यापाशी पहिला सूर लागला की मैफल (३)'. नदीकाठचे गाणे मनात येते आणि वाचक फसतो. पाणी म्हणजे 'जल', पहिला सूर 'सा', आणि मैफल म्हणजे 'जलसा'. किंवा 'दीन उलटला, वाहते ती (२)'. रडणाऱ्या गरिबाचा येथे काहीएक संबंध नाही. दीन ही दोन अक्षरे उलट वाचली की नदी. दोन वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या की उत्तर बरोबर आहे हे सोडवणाऱ्याला तिथल्या तिथे कळते, दुसऱ्या दिवशीच्या अंकाची वाट पाहावी लागत नाही. सगळा खेळ या एका हमीवर उभा आहे.

आपल्याकडे हे सारे नवे नव्हते. एका प्रसिद्ध सुभाषितात 'केशवम्' या शब्दाची 'के शवम्', म्हणजे पाण्यात प्रेत, अशी फोड केली की कुरुक्षेत्र नाहीसे होऊन नदीकाठचा कावळा दिसू लागतो, हे संस्कृतच्या तासाला अनेकांनी ऐकलेले असेल. दंडीने 'काव्यादर्शा'च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले आहेत. पूर्वाचार्यांनी आणखी चौदा दुष्ट, म्हणजे सदोष, प्रहेलिका मोजल्याचेही तो नोंदवतो. आणि प्रहेलिकांचा उपयोग काय, तर पहिला उपयोग क्रीडागोष्ठींतील विनोद. म्हणजे कोडे मंडळीत बसूनच सोडवायचे, हे दंडीला गृहीतच होते! आम्हाला त्या रविवारी दंडी आठवला असता तर बरे झाले असते. असो. मराठीत मात्र हा खेळ अशा रूपात रुजला नाही, आणि त्याचे एक कारण लिपीत आहे. रोमन लिपीतले प्रत्येक अक्षर सुटे असते, ते हवे तसे विस्कटता येते. आपल्या अक्षराला त्याची मात्रा आणि जोडाक्षर चिकटून येतात. त्यामुळे अक्षरांची उलथापालथ आपल्याकडे होते, पण फार थोड्या शब्दांपुरती.

आधुनिक शब्दकोड्याचा जन्म अमेरिकेतला. लिव्हरपूलहून तिकडे गेलेल्या आर्थर विन याने २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यू यॉर्क वर्ल्ड'च्या रविवार पुरवणीत शंकरपाळ्याच्या आकाराचे पहिले कोडे छापले. १९२४ मध्ये तिकडे त्याचे वेड शिगेला पोहोचले आणि त्याच वर्षी ते इंग्लंडच्या वृत्तपत्रांत उतरले. तोवर ते केवळ अर्थाचेच कोडे होते. त्याला वाकडी चाल शिकवली ती एडवर्ड पॉविस मॅदर्स या कवी-अनुवादकाने.

मराठी वाचकाला मॅदर्सचे नाव निराळ्या कारणाने आठवावे. परंपरेने बिल्हणाची मानली जाणारी 'चौरपंचाशिका' त्याने 'ब्लॅक मेरिगोल्ड्स' या नावाने मुक्तपणे इंग्रजीत आणली. कल्याणीच्या ज्या चालुक्य विक्रमादित्याच्या दरबारी बिल्हण होता, त्याचे राज्य आजच्या महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर पसरलेले होते. शृंगाराचा असा हळुवार अनुवाद करणारा हा गृहस्थ १९२६ पासून लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये कोडी देऊ लागला, तेव्हा त्याने टोपणनाव घेतले टोर्केमाडा. स्पेनमध्ये पाखंडी ठरवलेल्या माणसांचा छळ करणाऱ्या धर्मन्यायालयाचा हा पहिला महान्यायाधीश! नावातच इशारा होता. काळ्या चौकोनांऐवजी त्याने जाड रेघांनी शब्द तोडले, त्यामुळे अक्षरे दाटीने एकमेकांत गुंतली. क्लूमध्ये साहित्यातले आडवळणी संदर्भ, ऐकीव म्हणी, शब्दांचे उच्चार, सारे काही येई. आणि उत्तर हाती आले तरी ते तेच का, हे अनेकदा सांगता येत नसे. १९३४ मध्ये त्याने 'केन्स जॉबोन' नावाची शंभर पानांची एक रहस्यकथा छापली, तीही पानांचा क्रम विस्कटून. त्या वेळी योग्य क्रम लावणारे दोघेच निघाले. २०१९ मध्ये ती पुन्हा छापली गेली, आणि पुढच्या वर्षी टाळेबंदीत घरी अडकलेल्या जॉन फिनमोर या विनोदी लेखकाने ती सोडवली.

टोर्केमाडाविषयी आमच्या मनात आदर आहे, पण प्रेम नाही. छळ करणारा आपल्या लहरीने वागतो, आणि समोरच्याला त्याच्यापुढे काही म्हणता येत नाही. 'लिसनर' साप्ताहिकाचे पहिले कोडे २ एप्रिल १९३० रोजी आले, तेव्हा बरोबर उत्तर पाठवणारा एकच वाचक निघाला. अशा कोड्यात हरण्याला आमची ना नाही. पण आपण का हरलो हेही कळू नये, हा अन्याय आहे.

१९३९ मध्ये मॅदर्स वारला. त्याच्या जागी आला डेरिक सॉमरसेट मॅकनट, हॉर्शमच्या ख्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवणारा मास्तर. त्यानेही स्पॅनिश महान्यायाधीशाचेच नाव उचलले : झिमेनेस. गंमत अशी की छळाला कायदा दिला तो याच माणसाने. अर्थात त्याच्या आधी वाट दाखवणारा आणखी एक मास्तर होऊन गेला होता. वेल्स कॅथीड्रल स्कूलचा ए. एफ. रिची हा 'अफ्रित', म्हणजे अरबी कथांतला राक्षस, या नावाने कोडी रची. १९४९ च्या त्याच्या पुस्तकातील दंडक असा की कोडेकाराच्या मनात जे आहे ते वरवरच्या अर्थाहून वेगळे असले तरी चालेल. पण जे मनात आहे ते त्याच्या शब्दांनी नेमके सांगितलेच पाहिजे. झिमेनेसने हे सूत्र पुढे नेले, आणि १९६६ मध्ये कोडेरचनेच्या कलेवर पुस्तक लिहून सारे नियम बांधले. क्लूमध्ये अचूक अर्थ हवा, शब्दखेळाचा प्रामाणिक निर्देश हवा आणि त्यापलीकडे एक शब्दही फालतू नको, हे त्या नियमांचे सार.

पण हे नियम त्याने एकट्याने आपल्या अभ्यासिकेत बसून केले असे समजणे चुकीचे ठरेल, आणि आमच्या मते हाच या इतिहासाचा गाभा आहे. झिमेनेस ठरावीक दिवसांनी वाचकांना एक शब्द देई आणि त्यावर क्लू रचून पाठवायला सांगे. निकालाबरोबर एक छापील पत्रक निघे. त्यात उत्तम क्लू दिलेले असत आणि बाकीचे का नापास झाले याची चिकित्सा असे. वाचक भांडत, शंका काढत, पुढच्या खेपेस अधिक काटेकोर होत. नियम बनले ते या पत्रव्यवहारातून. कोडी मोठ्या आकड्यांच्या टप्प्यावर पोहोचली की मंडळी एकत्र जेवत, आणि वर्षानुवर्षे निकालांच्या यादीत वाचलेल्या नावांना तेव्हा चेहरे मिळत. याच यादीत कॉलिन डेक्स्टर होता. त्याच्याही वर अनेकदा झळकणारे नाव होते जेरेमी मॉर्स यांचे, जे पुढे लॉइड्स बँकेचे अध्यक्ष झाले. 'मिसेस बी. लुइस' या टोपणनावानेही कोणी तरी क्लू पाठवत असे. १९७५ मध्ये डेक्स्टरने पहिली रहस्यकथा लिहिली, तेव्हा इन्स्पेक्टर मॉर्स आणि सार्जंट लुइस हे दोघेही त्याच यादीतून तिच्यात आले. प्रतिस्पर्ध्यांचा याहून मोठा सत्कार आमच्या तरी ऐकिवात नाही.

महायुद्धाच्या कथा येथे टाळता येत नाहीत, पण त्या फार वेळा सांगून झाल्या आहेत. जानेवारी १९४२ मध्ये 'डेली टेलिग्राफ'ने आपल्या कचेरीत बारा मिनिटांत कोडे सोडवण्याची स्पर्धा घेतली आणि तिच्यात भाग घेतलेल्यांपैकी काहींना पुढे ब्लेचली पार्कच्या गुप्तसंकेत विभागाकडून बोलावणे आले, एवढे सांगून पुढे जातो. तेथेही संकेत फोडले गेले ते तुकड्या-तुकड्यांनी बसलेल्या माणसांकडून, हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

झिमेनेसचा कायदा सर्वांनी मानला असे मात्र नाही. 'गार्डियन'मध्ये १९५८ पासून कोडी देणारे जॉन ग्रॅहम हे धर्मोपदेशक 'अरॉकेरिया' या नावाने लिहीत. हे एका झाडाचे नाव. त्याचे इंग्रजी बोलीतले नाव माकडाचे कोडे अशा अर्थाचे आहे. त्यांचे क्लू काटेकोरपणात कमी पडत आणि प्रसन्नतेत सर्वांना मागे टाकत. आमच्या बैठकीत यावरून दोन तट पडत. आमच्यातले दोघे कट्टर झिमेनेसपंथी, त्यांना अरॉकेरियाचे सैल क्लू खपत नसत; उरलेल्यांचे म्हणणे असे की नियमाचा हेतू सोडवणाऱ्याचा विश्वास राखणे हा असेल, तर या माणसाने तो नियमावाचूनही राखला आहे. हा वाद आम्ही मिटवला नाही.

११ जानेवारी २०१३ रोजी 'गार्डियन'मध्ये अरॉकेरियाचे २५,८४२ क्रमांकाचे कोडे आले. वर एक टीप होती : कोडेकाराला १९ चा १८ आहे आणि त्यावर १३-१५ चालू आहे, अशा अर्थाची. एकेक घर भरत जाणाऱ्यांना स्टेंट, एंडोस्कोपी, सूर्यास्त असे शब्द मिळू लागले. १९ म्हणजे अन्ननलिका. १३ आणि १५ मिळून वेदना सुसह्य करणारी शुश्रूषा. अठराव्या क्लूत अर्थाचे दोनच शब्द होते, एक राशीचिन्हाकडे बोट दाखवणारा आणि दुसरा शरीरातल्या वाढीकडे. इंग्रजीत आणि मराठीतही त्या राशीचे आणि त्या रोगाचे नाव एकाच खेकड्यावरून आले आहे. एक्क्याण्णव वर्षांच्या माणसाने आपले मरण आपल्या सोडवणाऱ्यांना सांगण्यासाठी हा मार्ग निवडला, आणि तो त्याला स्वाभाविक वाटला. त्यानंतर त्यांच्याकडे वाचकांची पत्रे लोटली. २६ नोव्हेंबर २०१३ रोजी ते गेले.

आम्ही ते कोडे पुढे एका रविवारी सोडवायला घेतले. आमच्यातल्या दोघांनी त्याविषयी काही वाचलेले नव्हते, म्हणून वरची टीप मुद्दाम घडी घालून झाकली होती. अठराव्याचे उत्तर सुचले ते त्या दोघांपैकीच एकाला, जो झिमेनेसपंथी होता त्याला. "चोख आहे," एवढेच तो म्हणाला. पेन्सिलीने सहा अक्षरे लिहिली, घडी उलगडून टीप वाचली आणि कागद शेजारच्याकडे सरकवला.