खोडदची रेडिओ-वेधशाळा

२८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाच्या सुमारास नारायणगांवाजवळची खोडदची वेधशाळा लोकांस खुली होते. आम्ही गेलों त्या दिवशीं वाट शाळकरी मुलांनीं भरून गेली होती. "डोळा कोठें लावायचा?" असें एका मुलानें विचारलें. प्रश्न भाबडा खरा, पण आमच्याहि मनांत तोच होता. या दुर्बिणीस डोळा लावण्याची सोयच नाहीं. आकाशांतून येणाऱ्या रेडिओलहरी तबकड्या गोळा करितात. पुढचें काम यंत्रांचें.

या तबकड्यांचें कूळ शोधूं गेल्यास आपण कल्याणास पोहोंचतों. १९५३ सालीं तरुण गोविंद स्वरूप सिडनीस गेले. तेथें सूर्याच्या वेधासाठीं उभारलेल्या सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या पुढें मोडीत निघण्याच्या बेतांत होत्या. त्या भारतास मिळाव्या म्हणून त्यांनीं खटपट केली. मिळाल्याहि, परंतु दिल्लीस येऊन कित्येक वर्षें पडून राहिल्या. १९६३ सालीं स्वरूप अमेरिकेहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आले, आणि १९६५ पर्यंत त्याच तबकड्या कल्याणजवळ सूर्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. दुसऱ्याच्या अडगळीवर संसार मांडण्यांत आम्हांस तरी कांहीं कमीपणा दिसत नाहीं.

पुढें उटीस त्यांनीं अक्षांशाइतकाच, म्हणजे सुमारें ११ अंशांचा, उतार असलेली टेंकडी शोधून १९७० मध्यें तीवर ५३० मीटर लांबीची दुर्बीण बसविली. तिचा आंस आपोआपच पृथ्वीच्या आंसाशीं समांतर झाला. डोंगरानेंच निम्मा खर्च उचलला म्हणाना!

खोडदला तीच काटकसर मोठ्या प्रमाणावर दिसते. येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत; १४ मध्यभागीं एकवटलेल्या, उरलेल्या १६ तीन दिशांस सुमारें २५ किलोमीटरांच्या टापूंत पसरलेल्या. जवळ जाऊन पाहावें तों तबकडी कसली, बारीक पोलादी तारांची ताणलेली जाळी! वीतभर वा त्याहून लांब लहरींस बोटभर भोंक भोंक वाटत नाहीं, आणि वारा मात्र आरपार निघून जातो. म्हणून पोलाद कमी लागलें.

या लहरी इतक्या क्षीण कीं भोंवतालीं विजेचा व रेडिओचा गोंगाट नको. भोंवतालचे डोंगर तो थोडाबहुत अडवितात. पाहुण्यांस मोबाइल बंद ठेवावे लागतात. पण याच कारणानें पुणें-नाशिक जलद लोहमार्ग नारायणगांवावरून नेण्याचा बेतहि अडला. ज्यांच्या शेतांशेजारीं या तबकड्या उभ्या आहेत त्यांस याचें वाईट वाटलें तर त्यांना दोष कसा द्यावा? तबकड्या तरी आतां कोठें हलवाव्या?

नारायणगांवच्या नाक्यावर येतांच सर्वांनीं मोबाइल पुन्हां सुरू केले. आम्हींहि केला.